"ऑलमायटी गॉड म्हणजे कोण रे?": मोडक्या इंग्रजीवर नागरिकत्व घ्यावं का?

वेंब्लीकर

परवा आईचा ब्रिटिश पासपोर्ट टपालाने आला. तिने पाकीट फोडलं, फोटो पाहून "बया, कैदीण दिसतेय मी" म्हणाली आणि तो देव्हाऱ्याखालच्या खणात वातींच्या डब्याशेजारी ठेवून दिला. तिच्यापुरता विषय संपला. मी मात्र शाळेच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि तिथे जुंपली. एका मित्राने लिहिलं, "ज्या बाईला इंग्रजीत धड चार वाक्यं बोलता येत नाहीत, तिने ब्रिटनचं नागरिकत्व घ्यायचंच कशाला?" मी तिरमिरीत ग्रुप सोडला. आता राग ओसरलाय, म्हणून इथे विचारतोय. आधी काय घडलं ते सांगतो, मग खुशाल झोडपा.

बाबा गेल्यावर, २०११ च्या दिवाळीनंतर आई इकडे आली. तेव्हा पासष्टी पार केलेल्या, एकट्या राहिलेल्या आईवडिलांना आणता यायचं. जुलै २०१२ पासून तो रस्ता जवळजवळ बंदच झाला. आईची कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९४६. (१ जूनच का, हे गुरुजींनी अंदाजाने शाळेत घातलेल्या पिढीच्या मुलांना सांगायला नको.)

इथे नागरिकत्वासाठी 'लाइफ इन द यूके' ही २४ प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते, शिवाय इंग्रजी बोलण्या-ऐकण्याचं बी१, म्हणजे मध्यम पातळीचं प्रमाणपत्र. वय ६५ पूर्ण असेल तर दोन्ही माफ. म्हणजे आईचा रस्ता मोकळा होता, पण तिनेच कित्येक वर्षं चालढकल केली. भारताचा पासपोर्ट सोडायचा म्हणजे माहेरचं दार लावून घेतल्यासारखं, असं म्हणायची. शेवटी टोरांटोला माझ्या बहिणीच्या मुलीचं बारसं व्हिसापायी हुकलं, तेव्हा म्हणाली, "भर तुझा तो फॉर्म."

परीक्षा माफ असली तरी शपथ माफ नाही. मंजुरीचं पत्र आलं की तीन महिन्यांत समारंभाला जायचं आणि सगळ्यांबरोबर स्वतःच्या तोंडाने शपथ म्हणायची. मी ती देवनागरीत लिहून दिली. आईने पुन्हा स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली, किराण्याच्या वहीत, साबुदाणा आणि हिंग यांच्या खाली. "आय स्वेअर बाय ऑलमायटी गॉड" पाशी थांबली. "ऑलमायटी गॉड म्हणजे कोण रे?" म्हटलं, तुझा जो असेल तो. देवाचं नाव न घेताही प्रतिज्ञा करता येते, हेही सांगितलं. ते तिला साफ नामंजूर. पुढे 'हिज एअर्स अँड सक्सेसर्स' आलं. एअर्स म्हणजे वारस. आईने लिहिलं 'हेअर्स' आणि विचारलं, "राजाच्या केसांचीपण शपथ घ्यायची का?" तीन आठवडे 'अलीजन्स'ची, म्हणजे निष्ठेची, 'अलाजन' होत राहिली. भाजी निवडताना, जिना चढताना तिचं पुटपुटणं चालूच.

समारंभात रजिस्ट्रार बाई तीन-तीन शब्द सांगत होत्या आणि हॉल मागून म्हणत होता. आईचा आवाज आम्हाला पाहुण्यांच्या रांगेत ऐकू आला, कारण ती अर्धा शब्द पुढे होती. हे सगळं लंडनच्या आमच्या ब्रेंट भागात. देशातला असा पहिला समारंभ ब्रेंटच्याच जुन्या टाउन हॉलमध्ये २६ फेब्रुवारी २००४ ला झाला होता आणि त्याला चार्ल्स युवराज म्हणून हजर होते. आता शपथेत नावच त्यांचं.

खरी परीक्षा पुढेच होती. पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्या मोठ्या माणसाला २००७ पासून मुलाखतीला बोलावतात. ओळख पटवायची असते, इंग्रजी तपासायचं नसतं. आईची व्हिडिओवर झाली. खोलीत दुसरं कुणी नको, असं आम्हाला सांगितलं होतं. मी दाराबाहेर, कान लाकडाला. घरात कोण कोण, कधी आलात, नवऱ्याचं नाव, इथपर्यंत गाडी नीट चालली. मग आधीची नावं कोणती, असं विचारलं. आता इथे घोटाळा माझा. फॉर्मवर मी फक्त माहेरचं आडनाव लिहिलं होतं. आईने प्रामाणिकपणे जन्मनाव सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं तेव्हा मागे पडलेलं, जे मी आयुष्यात चार वेळा ऐकलं असेन. पलीकडे शांतता. मला दार उघडावंसं वाटत होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "बिफोर मॅरेज, वन नेम. आफ्टर मॅरेज, ऑल चेंज." आणि जरा थांबून, "ऑल चेंज, प्लीज."

ज्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत, जुबिली लाइनच्या विलेस्डन ग्रीनला संपणाऱ्या गाडीतून प्रवास केलाय, त्यांना 'सगळ्यांनी उतरा' सांगणारी ही घोषणा पाठ असेल. पलीकडच्या बाई हसल्या. मग नावाबद्दल खुलाशाचं पत्र मागितलं, ते दिलं, आणि आला पासपोर्ट.

तर प्रश्न असा. एवढ्या इंग्रजीवर नागरिकत्व घेणं चूक आहे का?

रोखठोक

लिहिलंय झकास. आजींना नमस्कार. पण तुमचा मित्र बरोबर आहे आणि तुम्ही ग्रुप सोडलात हे चूक.

आपण मुंबईत काय म्हणतो? इथे राहायचं तर मराठी शिका. वीस वर्षं डोंबिवलीत काढून 'मराठी नहीं आता' म्हणणाऱ्याला आपण काय काय बोलतो ते इथे लिहायला नको. नव्या रिक्षा परवान्याला मराठी बोलता येण्याची अट घातली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, आणि २०१७ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली तेव्हा हळहळलो. तिथे तर नुसता रिक्षाचा परवाना होता. इथे अख्खं नागरिकत्व आहे. मतदानाचा हक्क तर तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही असतो, तो बाजूला ठेवू. आपल्या अंगणात एक माप आणि लंडनच्या अंगणात दुसरं?

तेरा वर्षं हा फार मोठा काळ आहे हो. तेरा वर्षांत माणूस ज्ञानेश्वरी पाठ करतो.

एडिसनची वहिनी

रोखठोक भाऊजी, माप कायद्यानेच दोन ठेवलीत आणि शहाणपणाने ठेवलीत. आमच्या अमेरिकेत वय ५५ आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झाली असतील, किंवा वय ५० आणि २० वर्षं, तर इंग्रजीची अट माफ. नागरिकशास्त्राचे प्रश्न मात्र द्यावेच लागतात, पण स्वतःच्या भाषेत, दुभाषा घेऊन.

माझ्या सासऱ्यांनी २०१९ मध्ये मराठीतून दिली. तेव्हा १०० प्रश्नांतले १० विचारायचे, ६ बरोबर आले की झालं. ते कऱ्हाडचे निवृत्त तलाठी. घटना, सिनेट, सुप्रीम कोर्ट सगळं घोकून तयार. साहेबाने विचारलं, संविधान काय करतं? यांनी दुभाष्याला पाच मिनिटं उत्तर दिलं. दुभाष्याने एका वाक्यात सांगितलं. सासरे आजही म्हणतात, "त्याने माझे मार्क खाल्ले."

मला विचाराल तर भाषा येणं आणि देश समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गल्लीत फाडफाड इंग्रजी बोलणारे आहेत, पण सिनेटर किती ते सांगता येत नाही.

रोखठोक

वहिनी, तुमच्याच देशाने मार्च २०२५ मध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा म्हणून जाहीर केली. वारं कुठे वाहतंय ते बघा.

एडिसनची वहिनी

जाहीर केली ती राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने. वयाची सूट कायद्यात आहे, ती आदेशाने उडत नाही. सासरेच सांगतील तुम्हाला, मराठीतून.

स्विंडनवाली

मी गोव्याची, पेडण्याची. शाळा मराठीतून, घरात कोंकणी. आम्ही पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली मंडळी. आजोबा १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, तो धागा पकडून नोंदणी केली आणि २०१४ मध्ये इथे आलो. आमचा भारतीय पासपोर्ट तेव्हाच गेला, त्यामुळे ते रडणं आमचं आधीच रडून झालंय.

मला या धाग्यावर थोडा राग येतोय आणि तो कुणावर ते कळत नाहीये. मी गोदामात रात्रपाळी करते. हातात स्कॅनर, कानात मशीनचा आवाज, आजूबाजूला अर्धे आमचेच लोक, सगळं कोंकणीत. इंग्रजी शिकायचं कुणाकडून? सुपरवायझर 'फास्टर' म्हणतो, त्याच्याकडून? तरी बी१ दिली. 'लाइफ इन द यूके' दोनदा नापास, दर वेळी ५० पौंड पाण्यात. तिसऱ्यांदा २४ पैकी १९. हवेत १८. आठव्या हेन्रीला सहा बायका, हे मला झोपेतही सांगता येतं. त्याचा मला काय उपयोग झाला, विचारू नका.

आणि एवढं करून समारंभात उपमहापौरांचं भाषण मला निम्मंच कळलं. पासपोर्टच्या मुलाखतीत त्या माणसाचा उच्चार इतका जाड की तीन वेळा 'सॉरी?' म्हणाले. प्रमाणपत्र माझ्या फाइलमध्ये, घाम माझ्या हातात. आजींना काहीच द्यावं लागलं नाही आणि त्या 'ऑल चेंज' म्हणून बाईंना हसवून मोकळ्या. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

सातबारा

मी गावाकडचा माणूस, ना लंडन पाहिलं ना एडिसन. माझी शंका वेगळीच आहे. जी शपथ कळलीच नाही ती शपथ कसली? उद्या कुणी आजींना विचारलं, राजाशी एकनिष्ठ राहणार म्हणालात, म्हणजे काय करणार? तर काय सांगतील?

दुसरं, भारताचं नागरिकत्व शपथेसरशी गेलं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. मग पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. त्या कार्डावर वावर विकत घेता येत नाही. वारशानं आलेलं ठेवता येतं, एवढंच. हे आजींना समजावून सांगितलं होतं का?

वेंब्लीकर

@सातबारा, जमिनीचं सांगितलं होतं. आईचं नाव उताऱ्यावर बाबांमागे वारस म्हणून लागलंय, ते तसंच राहील. तिने हे मला दोनदा विचारून घेतलं आणि मग मामालाही वेगळं विचारलं, कारण माझ्यावर तिचा जमिनीच्या बाबतीत विश्वास नाही.

एक अडचण मात्र आधी लक्षात आली नव्हती. शपथ झाल्यावर भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही आणि ब्रिटिश अजून हातात नाही, असे काही आठवडे जातात. त्यातच मामा दवाखान्यात. आईला कुठल्याच देशाच्या पासपोर्टवर हलता येईना. रोज व्हिडिओ कॉल. मामा बरे झाले म्हणून ठीक. ज्यांचे आईवडील या वाटेवर आहेत त्यांनी हा काळ धरून बेत आखा.

शपथेच्या अर्थाचं: मी मराठीत सांगितला होता. आई म्हणाली, "म्हणजे इथलं मीठ खाल्लंय, त्याला जागायचं. एवढंच ना?" मला यापेक्षा चांगलं भाषांतर सुचलं नाही.

अर्धवटराव

न कळणाऱ्या शपथेवर एवढा गहजब कशाला? 'धर्मेच अर्थेच कामेच नातिचरामि' म्हणताना इथल्या किती नवरदेवांना अर्थ माहीत होता? मी भटजींच्या तोंडाकडे बघून म्हटलं होतं. माझंही अर्धा शब्द पुढे-मागे झालं असेल. संसार पंचवीस वर्षं चाललाय.

अवांतर: इथल्या कायद्यात नुसतं इंग्रजी लिहिलेलं नाही. इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक, असं आहे. वेल्समध्ये शपथ वेल्शमधूनही घेता येते. तेव्हा रोखठोक, आजींना गेलिकचा क्लास लावायचा का?

रोखठोक

नातिचरामि न कळता म्हटलं म्हणूनच कौटुंबिक न्यायालयांत गर्दी आहे. चला पुढे.

विनोद सगळ्यांनी करून झाले, माझ्या प्रश्नाला उत्तर कुणी दिलं नाही. मुंबईला लावतो ते माप लंडनला का नको?

दवाखान्यातली

मी इंग्लंडात मिडलँड्समध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. इतका वेळ वाचत होते. आजी मलाही आवडल्या, पण हा धागा जरा गोड गोड होतोय.

रोखठोक यांच्याशी मी अर्धी सहमत आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. इंग्रजी यायला हवं ते देशावर उपकार म्हणून नव्हे. माझ्यासमोर दहा मिनिटांसाठी जी बाई येऊन बसते, तिच्यासाठी. बरोबर नवरा असतो, नाहीतर मुलगा किंवा सून. मी बाईंकडे बघून विचारते, उत्तर शेजारून येतं. "तिला झोप लागत नाही." बाई माझ्याकडे बघतच नाहीत. मी फोनवर दुभाषा मागते. मराठीला कधी कधी वेळ लागतो, 'हिंदी चालेल का' विचारतात. नातेवाईक म्हणतात, कशाला, मी आहे ना. हा 'मी आहे ना' मला हल्ली भीतिदायक वाटतो. मुलासमोर कुठली आई सांगेल की अंगावरून जातंय, किंवा सून जेवायला देत नाही, किंवा रडू येतं?

वेंब्लीकर, तुमच्यावर आरोप नाही. पण तुमच्याच लिखाणातली एक गोष्ट तुम्ही ओलांडून पुढे गेलात. मुलाखतीत खोलीत दुसरं कुणी नको, असं सांगितलं. तुम्ही दाराबाहेर तळमळत होतात आणि आतमध्ये त्यांनी एकटीने निभावलं. तेरा वर्षांत इथल्या कुणी माणसाने त्यांना एकटीला, थेट, असं किती वेळा काही विचारलं असेल? बँकेत कोण बोलतं? दवाखान्यात? घरी गॅस बॉयलर बघायला माणूस येतो तेव्हा? नागरिकत्व घ्यावं का, हा माझा प्रश्नच नाही. त्यांचा हक्क होता, त्यांनी घेतला. त्यांना इंग्रजी का आलं नाही, हा माझा प्रश्न आहे. आणि तो आजींना नाही.

स्विंडनवाली

बाई, तुम्ही माझा राग कुणावर ते सांगितलंत.

माझ्या जावेला लग्न करून आणली तेव्हा व्हिसासाठी ए१ परीक्षा होती, अडीच वर्षांनी ए२, कायम राहायला बी१. दर पायरीला दीर म्हणायचा, परीक्षेपुरतं शिक. पास झाली की क्लास बंद. परीक्षेने तिला इंग्रजी नाही दिलं, फक्त पावती दिली. आता सरकार बी१ वरून बी२ करायचं म्हणतंय. केलं तरी घरातलं दार कोण उघडणार?

वेंब्लीकर

@दवाखान्यातली, खरं सांगायचं तर वाचून झोंबलं. पटकन उत्तर लिहिलं होतं, ते पुसलं.

बाजू मांडायची म्हणून मांडतो. आई ६५ ची होती. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. थंडी, अंधार, परकं घर. त्या वयात तिला शाळेत पाठवायचं मला सुचलंही नाही, दया आली होती. बँक, दवाखाना, बॉयलर, सगळीकडे मीच बोललो. प्रेमाने. तिला ओझं नको म्हणून. तिने कधी तक्रार केली नाही.

दवाखान्यातली

कुठल्या भाषेत करणार होत्या? तुमच्याकडे, तुमच्याबद्दल?

अर्धवटराव

डॉक्टरीणबाई, जरा हळू. पोरगा चांगला आहे.

रोखठोक

पोरगा चांगला आहे, म्हणूनच प्रश्न अवघड आहे. डॉक्टरांचा मुद्दा मान्य. माझा अजून उभा आहे, एवढं नोंदवतो आणि गप्प बसतो. (दोन दिवस.)

एडिसनची वहिनी

वेंब्लीकर, एक सुचवू? हा धागा आजींना वाचून दाखवा. त्यांच्यावर एवढी चर्चा चाललीय आणि इथेही त्यांच्यावतीने तुम्हीच बोलताय.

वेंब्लीकर

वाचून दाखवला. रात्री जेवणं झाल्यावर, सगळा, 'कौटुंबिक न्यायालया'सकट. आई शेंगा सोलत होती. हसायच्या जागी हसली. स्विंडनच्या ताईंसाठी निरोप: "तिला म्हणावं, मला पण घाम फुटला होता, पदर होता म्हणून दिसला नाही." रोखठोकांसाठी: "मी मत दिलं की तुम्हाला सांगेन कुणाला दिलं ते. म्हणजे नाही सांगणार."

डॉक्टरांचं वाचलं तेव्हा शेंगा सोलणं थांबलं. मग म्हणाली, "मी गेले होते की विचारायला."

मी म्हटलं, कुठे?

तर २०१२ मध्ये, थोरल्याला बाबागाडीतून फिरवताना, जवळच्या ग्रंथालयाच्या दारावर बायकांसाठी इंग्रजीच्या वर्गाचा कागद लागलेला होता. खाली गुजरातीतही लिहिलं होतं, ते तिने जुळवून जुळवून वाचलं. आत गेली. तिथल्या गुजराती बाईंनी नाव लिहून घेतलं. वर्ग फुकट होता. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी एक ते तीन.

"मग गेली का नाहीस?"

"थोरल्याला पाळणाघरातून आणायचं असायचं साडेबाराला. तुम्ही दोघं ऑफिसात."

"मला सांगितलं का नाहीस?"

यावर ती काही बोलली नाही, टरफलं गोळा करायला लागली. थोरला आत अभ्यास करत होता, तो बाहेर येऊन म्हणाला, "आजी, यू शुड हॅव टोल्ड मी." तिला कळलं. "यू वॉज बेबी," म्हणाली.

बायकोने आत्ताच बघितलं, तो वर्ग अजून भरतो. आता फक्त गुरुवारी, सकाळी. आईला विचारलं तर म्हणते, गुरुवारी उपास असतो आणि दत्ताची आरती असते, थंडी कमी झाली की बघू. मी 'मी सोडायला येतो' म्हणालो, तर म्हणाली, "बस जाते की तिथे. २९७."